इथे पाथरी होती

आंजी (मोठी), शनिवार

आदरणीय साळेबुवा रूपराव यांस,

किसनरावांचा रामराम. (एरवी तुम्हाला ‘अबे रूप्या’ म्हणणारा माणूस आज ‘आदरणीय’ लिहितो आहे, यावरून काय ते ओळखावे.) कारंज्याला थंडी कशी आहे? तुमचा गुडघा, सूनबाईंचा खोकला आणि हायवेवरच्या ट्रकांनी उडणारी तुमची झोप, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. तुमच्या बहिणीचीही उत्तम आहे, फक्त ती मंगळवारपासून माझ्याशी धड बोलत नाही. फोन न करता पत्र लिहितो, कारण मी फोनवर हळू बोललो की शकुंतला स्वयंपाकघरातून नेमकं तेवढंच ऐकते.

झालं असं, की बोरगाव मेघेची समीक्षा नावाची एक मुलगी आहे, चिनी मातीचं काम करते. तिने आमच्या बसथांब्याची भिंत टाइलांनी सजवायचं ठरवलं. आता टाइलवर माणूस मोर काढेल, कमळ काढेल. हिला हवं तण! प्रत्येक घराने निंदणात उपटून फेकतो त्यातलं एक झाड आणायचं, ते ओल्या मातीत लाटण्याने दाबायचं, ठसा भट्टीत भाजायचा आणि खाली लिहायचं की या झाडाशी आपलं काय नातं आहे. मी पोट धरून हसलो. जन्मभर कृषी केंद्र चालवलं, पिढ्यान् पिढ्यांना तणनाशक विकलं, आणि आता तरोट्याचा सत्कार बघायचा? पण गावच्या बाया हट्टाला पेटल्या. तानाबाईने तरोटा पटकावला, कोणी केना, कोणी आघाडा. घोळीवरून दोन सख्ख्या जावा भांडल्या. घराघरातली लाटणी समाजमंदिरात गेल्यामुळे आठवडाभर गावाने पोळी पाहिली नाही, नुसत्या थापलेल्या भाकरी.

तुमच्या बहिणीने पाथरी धरली. आमच्या न्हाणीमागे एकच उगवली होती, जमिनीला चिकटून, मुळ्याच्या पानासारखी कातरलेली. मध्ये शकुंतला आठ दिवस लेकीकडे नागपूरला गेली. जाताना म्हणाली, न्हाणीमागे तांब्याभर पाणी टाकत जा. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. (आमचा संसार असाच सुखाने चालला आहे.) मग कळलं, मंगळवारी समीक्षा आणि चार बाया घरी येणार. पाहुणे यायचे म्हणजे घराभोवती साफ हवं, एवढं वळण माझ्या आईने मला लावलं आहे. मी पंप पाठीला अडकवला आणि न्हाणीमागे मनापासून फवारलं. मंगळवारी शकुंतला गाडीतून उतरली ती सगळ्यांना घेऊनच आली, आणि मी स्वागताला हसत उभा. मागे सगळं पिवळंजर्द. (औषध अस्सल होतं, एवढं मात्र म्हणेन.)

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने समीक्षाला शांतपणे सांगितलं, “लगन होऊन आली तवा ह्यायले माह्या हातचं काईच आवडे नाई. एक दिवस भाकरीसंगं कच्ची पाथरी अन् जवसाची चटणी देली, तं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. म्हणून पाथरी.” रूपराव, मला हे साफ आठवत नव्हतं. ऐकलं आणि आठवलं, ती चटणीसुद्धा आठवली. मला माझीच फार लाज वाटली.

तेव्हापासून मी स्कूटर घेऊन शिवारभर फिरतो आहे. बांध न् बांध चकचकीत. कवडूच्या वावरात विचारलं तर तो म्हणतो, “किसनभाऊ, पाथरी कुठून राहीन? तुमच्याच दुकानातलं औषध मारून राह्यलो ना वीस वर्षं!” वर आभारही मानले. शेवटी मी मुळ्याची चार कोवळी पानं ताटलीत गोल मांडून घरी नेली. तुमच्या बहिणीने चार दिवसांतलं पहिलं वाक्य उच्चारलं, “मुळा होय हा. मले नोका शिकवू.”

पुढच्या शनिवारी शेवटच्या टाइल दाबणार. आमची जागा रिकामी राहिली तर तिथे कोरी टाइल बसेल आणि खाली लिहिलं जाईल, ‘इथे पाथरी होती. किसनरावांच्या सौजन्याने.’ मजकूर शकुंतलेचा आहे. समीक्षाला फार आवडला.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ आत्ताच दिला असं समजा.

आपला,
किसनराव

ता. क. तुमचं वावर म्हणजे तणांचं माहेरघर, असं मी तीस वर्षं चारचौघांत म्हणत आलो. ते शब्द मी मागे घेतो. त्या बांधावर पाथरी असेलच. एक मुळासकट पाठवा. बहिणीला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. तुमचा पिनकोड मला पाठ नाही, म्हणून पाकिटावर पत्ता तिच्याकडूनच लिहून घेतो. पण पाकीट मी स्वतः चिकटवीन. घरात डिंक नाही, तेवढा आणतो.

रूप्या, हे डिंक आणाले गेले. फोनवर सांगितलं तशी पाथरी ओल्या फडक्यात बांधून आणजो, पण शुक्रवारच्या आधी येऊ नोको. हे रोज सकाळी बांधाबांधानं खाली पाहत फिरून राह्यले. काल एक पान घेऊन आले अन् मले विचारलं, हे कोणतं व? चाळीस वर्षांत पहिल्यांदा. अजून चार दिवस फिरू दे. – शकुंतला