अंगाईतली मोकळी जागा

प्रिय आयपेरी,

हात लांब केला तर एकमेकींच्या उशीला लागेल, इतक्या जवळ झोपणाऱ्या दोन बायकांनी एकमेकींना पत्र लिहावे, यात काहीतरी हास्यास्पद आहे हे मला कळते. तरीही लिहिते आहे. भोजनगृहात अजून कोणी आलेले नाही. आचारीण टेबलांवर पेले मांडते आहे आणि मी चहासुद्धा न मागता काय खरडते आहे, म्हणून माझ्याकडे संशयाने पाहते आहे. हे तोंडाने सांगायला गेले असते तर मी पुन्हा परीक्षकच झाले असते. उभा जन्म विद्यापीठात भूमिती शिकवल्यावर माणसाच्या साध्या बोलण्यालाही उत्तरपत्रिका तपासल्याचा सूर लागतो. तो सूर मला आज नको आहे.

या खोलीबद्दल माझे मत तू पहिल्याच दिवशी ऐकलेस. ऐन हंगामात इसिक-कूल तळ्याच्या काठावर दोन खोल्या मिळत नाहीत, असे माझ्या लेकाचे, कुबातचे, म्हणणे. वेळेवर विचारले असते तर मिळाल्या असत्या, असे माझे. ज्याने ही खोली आखली त्याला मी पहिल्याच वर्षी नापास केले असते. दार उघडले की ते कपाटावर आपटते, कपाट उघडले की ते खाटेवर. तीन खाटा, त्यांतली एकही भिंतीला धड समांतर नाही, आणि लेकराच्या जाळीच्या खाटेला जागा उरली ती नेमकी तुझ्या आणि माझ्या खाटांच्या मध्ये. त्या वेळी मला ती जागा योग्यच वाटली होती. दोघींपासून समान अंतर. निकाल नि:पक्षपाती लागेल, असा माझा समज होता.

अट मीच घातली होती. तुम्ही दोघे कामाच्या गावाहून, कझानहून, उतरलात त्याच संध्याकाळी, बिश्केकच्या माझ्या स्वयंपाकघरात. पहिले नातवंड आजीच्या हाताखाली वाढते, ही आपल्या लोकांची रीत. त्यात त्याचे आजोबा तो जन्मायच्या आधीच्या हिवाळ्यात गेलेले, मी एकटी. तो वर्षाचा झाला तेव्हा तू त्याला माझ्या मांडीवर ठेवलेस आणि नवऱ्यापाठोपाठ कामाच्या गावी निघून गेलीस. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर काय होते ते मी पाहिले नाही. मी लेकराकडे पाहत होते. तर त्या संध्याकाळी कुबात नुसता चहा ढवळत बसला आणि बोललीस तू, त्याच्यासारखीच मला आईच्या नात्याने हाक मारत. "आपा, आम्ही त्याला न्यायला आलोय." मी म्हटले, "तो तुला पाहुणी समजतो. सुट्टीला तळ्यावर जाऊ. सुट्टी संपायच्या आत एकदा, फक्त एकदा, तो तुझ्या कुशीत झोपला तर घेऊन जा. नाही झोपला, तर शाळेत जाईपर्यंत माझ्याकडे राहील. आणि मी मध्ये पडणार नाही." तू म्हणालीस, "बरं." मला तुझी दया आली, कारण उत्तर मला आधीच ठाऊक होते.

तू काय काय केलेस, ते मी भिंतीकडे तोंड करून सगळे ऐकत होते. उन्हाळ्यात इथे सूर्य मावळता मावळत नाही, म्हणून तू खिडकीवर घोंगडी टांगलीस. दूध कोमट केलेस. पाठ थोपटलीस, तळवे चोळलेस, कोकराची गोष्ट सांगितलीस, त्या गोष्टीतल्या कोकराला सुद्धा शेवटी झोप लागली. तो जाळीला धरून उभा राहायचा आणि माझ्या पाठीकडे बघून रडायचा. मग तू त्याला न्हाणीघरात नेऊ लागलीस, कारण या खोलीला दुसरा कोपरा नाही, दिवा मालवून, ओल्या टॉवेलांच्या वासात, तू फरशीवर मांडी घालून त्याला घेऊन बसायचीस आणि कुबात दाराबाहेरून विचारायचा, "झोपला?" आतून उत्तर द्यायचा तो. रडूनच.

कुबातने त्याला गाडीत घालून तळ्याकाठच्या रस्त्याने फिरवून आणले. झोपलेले पोर बॉम्ब उचलावा तसे दोन्ही हातांवर घेऊन तो जिना चढला, आणि दार कपाटावर आपटले. दार कपाटावर आपटते हे मी सांगितलेले होते. तेव्हा मात्र भिंतीवर धपाधप थापा पडल्या आणि शेजारच्या खोलीतली काराकोलची बाई ओरडली, "अहो, चाललंय काय तिकडे? तीन-तीन मोठी माणसं आणि एक एवढंसं पोर झोपवता येत नाही? द्या इकडे! मी पाच वाढवली, एकालाही झोपतोस का म्हणून विचारलं नाही!" कुबात इकडून म्हणाला, "मावशी, तुमचं घोरणं थांबलं की झोपेल तो!" "मी नाही घोरत, माझा नवरा घोरतो! आणि तो तर आता जागाय, तुमच्या कृपेनं!" दुसऱ्या दिवशी तिनेच जर्दाळूंची थाळी आणून दिली, आपल्या टेबलापाशी उभी राहिली, तुझ्याकडे आणि माझ्याकडे बघत तिने लेकराला विचारले, "काय रे गुलामा, यातली तुझी आई कोण?" त्याने माझ्याकडे बोट दाखवले. ती हसली. कुबातही कसाबसा हसला. तू हातातल्या पावाचे तुकडे करत राहिलीस, इतके बारीक की ते पुढे चिमण्यांनाच घालावे लागले.

त्यानंतर तू दोरी आणलीस आणि माझ्या खाटेच्या आणि त्याच्या खाटेच्या मध्ये चादर बांधली. बांधताना म्हणालीस, "आपा, राग मानू नका. तुम्ही दिसलात की तो तुमच्याकडेच येतो." मी म्हटले, "चादर तिरकी बांधली आहेस." तू ती सोडून पुन्हा बांधलीस.  आयपेरी, त्या दिवसांत तू जेवत नव्हतीस, तुझ्या डोळ्यांखाली काळे पडले होते, आणि लेकरू रडून रडून अशा उचक्या द्यायचे की मला माझी चादर तोंडात धरून पडावे लागे. मी जिंकत होते. जिंकणाऱ्या माणसाला श्वास का घेता येऊ नये, याचे उत्तर मला सापडत नव्हते. एका संध्याकाळी कुबात मला पाण्याच्या कडेला गाठून म्हणाला, "आपा, एवढी कडक परीक्षा तुम्ही विद्यार्थ्यांचीसुद्धा घेतली नसेल. एकदा घ्या ना त्याला जवळ. मरेल हो ती." मी म्हटले, "अट ती अट." तो म्हणाला, "ती रोज न्हाणीघरात नळ सोडून रडते. पाण्याचा आवाज कशासाठी, कळतं का तुम्हाला?" मला कळत होते. भिंत पातळ आहे.

आता कालचे सांगते. जेवणानंतरचा शांततेचा तास होता. सगळे विश्रामधाम गप्प, खाली कोणीतरी माळी पाणी घालत होता तेवढाच आवाज. तू चादरीपलीकडे त्याला मांडीवर घेऊन बसलीस आणि प्रथमच अंगाई म्हणायला लागलीस, माझीच, तो माझ्याकडे रोज ऐकतो ती. चाल तू अचूक धरली होतीस. चुका शोधायच्या म्हणूनच मी कान देत होते. रडणे उचक्यांवर आले, उचक्या सुस्काऱ्यावर. पहिले कडवे संपत आले आणि जिथे त्याचे नाव येते तिथे तू थांबलीस. घशातल्या घशात काहीतरी गुणगुणून पुढच्या ओळीवर गेलीस. लगेच तो चुळबुळला. दुसऱ्या कडव्यालाही तेच. मी मनात म्हटले, शब्द पाठ नाहीत, आणि गाते आहे. तिसऱ्या कडव्याला मी चादरीच्या फटीतून पाहिले. त्याचे डोळे जवळजवळ मिटले होते, मूठ तुझ्या गळ्याशी होती. तू त्या मोकळ्या जागेशी आलीस, आणि त्याने डोळे उघडले. रडला नाही. नुसता तुझ्या ओठांकडे बघत राहिला, पायरी चढायला पाय उचलावा आणि पायरीच नसावी तसा.

तेव्हा मला समजले. तू सून होऊन आलीस त्याच आठवड्यात भरल्या दस्तरखानाशी, पाहुण्यांच्या पंगतीत, माझ्या नवऱ्याचे नाव तुझ्या तोंडून निसटले होते, आणि मी म्हटले होते, "तुमच्या तालासकडे सुना सासऱ्याला नावानं हाक मारतात वाटतं?" पाहुणे पोट धरून हसले. सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव सुनेने घ्यायचे नसते, हे तुला पुन्हा सांगावे लागले नाही. पुढे तेच नाव मी तुझ्या मुलाला ठेवले. तू त्याला "छोट्या" म्हणतेस, "सोन्या" म्हणतेस, टेलिफोनवर इतके दिवस "माझं कोकरू" म्हणत आलीस, आणि मी आल्यागेल्याला अभिमानाने सांगत आले की माझ्या सुनेला रीत कळते. स्वतःच्या पोटच्या पोराला तू एकदाही नावाने हाक मारलेली नाहीस. हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते आणि मी त्याला चांगले गुण देत होते.

चौथ्या कडव्याला तू पुन्हा त्या जागेशी आलीस, आणि नाव माझ्या तोंडून आले. मी ठरवले नव्हते. चादरीच्या अलीकडून, हळू, पण स्पष्ट. त्याने डोळे मिटले. तू गात राहिलीस, आणि पुढच्या मोकळ्या जागेत मी पुन्हा नाव ठेवले. तो झोपला. तुझ्या कुशीत, तुझ्या गळ्याशी मूठ धरून. कुबात दारात उभा होता; तो कुजबुजला, "आपा, झोपला. हे धरायचं ना?" तू माझ्याकडे पाहिलेस. असे डोळे मी परीक्षेच्या खोलीत पुष्कळ पाहिले आहेत आणि मला कधी पाझर फुटलेला नाही. मी म्हटले, "नाही. नाव माझे होते." तू मान हलवलीस. त्याला खाली ठेवलेस, न्हाणीघरात गेलीस आणि नळ सोडलास.

उत्तर बरोबर होते, आणि तरीही काल दुपारपासून मी ते तपासतेच आहे. तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. मीही सूनच होते, आणि बायकोही. ज्या माणसाबरोबर मी संसार केला त्याला मी उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नाही. "कुबातचे वडील", "अहो", "इकडे बघा". तो गेला तेव्हाही मला रडताना नाव घेता आले नाही, जीभच वळली नाही. मग तुझे लेकरू जन्मले, ते नाव त्याला मिळाले, आणि ते मला मोठ्याने उच्चारायची मुभा मिळाली. सकाळी हाक मारायची, जेवायला हाक मारायची, जिन्यावरून ओरडायचे, अंगाईत घालून घोळवायचे. शेजारणी म्हणायच्या, "किती वेळा हाक मारता हो पोराला, बहिरा आहे का?" मी त्याला शाळेपर्यंत ठेवून घ्यायला का निघाले होते, ते तुला कळले असेल. काल मी "नाव माझे होते" म्हटले, ते तुझ्यापेक्षा मलाच सांगत होते.

आता हे पत्र कशासाठी, ते. मी कालचा निकाल मागे घेते. आपल्या घरात आता वडीलधारी मी एकटीच उरले आहे, म्हणून रीत मोडायची झाली तर ती मीच मोडू शकते, आणि मी ती मोडते: आजपासून तू त्याला नावाने हाक मार. माझी पिशवी दाराशी आहे. पहिल्या गाडीने मी बिश्केकला जाते आहे, कारण मी चादरीआड असेन तोवर तो त्या जागेत माझाच आवाज शोधेल. चादर सोडून टाक. दुपारी तो माझ्या खाटेकडे जाईल, उशी उचलून बघेल, रडेल. रडू दे, मांडीवर घे आणि तीच अंगाई म्हण. कुबातला सांग, पोचल्याचा फोन मी त्याला करेन, पण लेकराच्या कानाशी यंत्र धरू नका. माझा आवाज अजून काही दिवस त्याला ऐकू येता कामा नये. मला ते जमेल. जमले नाही तर तो माझा प्रश्न. पहिल्यांदा नाव घेताना तुझी जीभ अडखळेल, माझीही अडखळली होती. म्हणून ते या कागदावर माझ्या सहीच्या खाली, शेवटी, एकटेच लिहून ठेवते आहे. लेकरू जागे व्हायच्या आत ते एकदा मोठ्याने वाच.

तुझीच,
आपा

तुरार