बायपासवरचं स्टेडियम

बाबा, दादाने परवा तुमचा फोटो दुकानातून काढून नेला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी रिक्षातून मेथीच्या जुड्या उतरवून घेत होते, तेवढ्यात तो स्टुलावर चढला आणि खिळ्यावरून फोटो उतरवला. "मीटिंगले लागते," एवढंच म्हणाला. संध्याकाळी मी फुटबॉल क्लबच्या खोलीत गेले तर तुम्ही टेबलावर, गळ्यात झेंडूचा हार, आणि शेजारी तेवढ्याच मोठ्या फ्रेममध्ये नव्या स्टेडियमचं रंगीत चित्र. चारी बाजूंनी गॅलरी, वर दिव्यांचे उंच खांब, बाहेर मोटारींच्या रांगा. चित्रात फिरणारी माणसं सगळी गोरीपान, सुटाबुटातली, आपल्या आदिलाबादेत कधी कुणाला न दिसलेली. उदबत्ती मात्र एकच लावली होती, तुम्हा दोघांत मिळून. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथूनच, आणि अजून उतरलेली नाही.

बेत काय आहे ते तुम्हाला सांगायला हवं. जिनिंगवाले शेठ क्लबला बायपासच्या पलीकडे जमीन देणार, त्यावर हे भलंमोठं स्टेडियम उभं राहणार. आपलं कापसाच्या मार्केट यार्डामागचं ग्राऊंड क्लबने सोडायचं आणि तिथे शेठ दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधणार. बायपासच्या त्या जमिनीच्या आजूबाजूची वावरंही शेठचीच आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण कमिटीतल्या एकाही शहाण्याच्या तोंडून ते निघालं नाही. दादा आता क्लबचा सेक्रेटरी आहे. तो उभा राहिला, तुमच्या फोटोकडे हात केला आणि म्हणाला, "हे बाबाचं सपन होतं." मग जो उठला तो तुमच्याकडेच हात करायचा. जे तुम्हाला जिवंतपणी ग्राऊंड आखताना चुन्याची फक्की कधी धरू लागले नाहीत, तेसुद्धा. आणि मला खरा संताप कशाचा आला सांगू? ते खोटं बोलत नव्हते. तुमचं ते स्वप्न होतंच.

मला तो दिवस चांगला आठवतो. थंडीचे दिवस आहेत, तुम्ही हैदराबादहून आला आहात, आणि हातपायसुद्धा न धुता चुलीपाशी येऊन बसला आहात. माय भाकरी थापते आहे. तुम्ही तिथलं मोठं स्टेडियम पाहून आलात आणि तुमच्या तोंडाला खळ नाही. "रातीचा दिवस करतात वं," तुम्ही मायला म्हणता, "सुई पडली तं सापडन." मग तुम्ही ताटात मधोमध ठेचा ठेवता आणि भाकरीचे तुकडे त्याच्या भोवती उभे करून दाखवता, ही एक गॅलरी, ही दुसरी, इथून खेळाडू येतात, इथे मोठे लोक बसतात. माय म्हणते, "जेवता का बांधकाम करता?" तुम्ही हसत नाही. तुम्ही दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणता, "असं आपल्या गावात झालं पायजे. मी नाही तं हा पोट्टा बांधन." त्या खेपेला तुम्ही दादासाठी खिळ्यांचे बूट आणलेत. माझ्यासाठी बांगड्या आणल्यात, आणि त्यासुद्धा मापाला लहान निघाल्या. मायने साबण लावून चढवल्या. मनगट सोललं तरी मी रडले नाही, कारण तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता.

बाबा, तुम्ही ताटात जे बांधलंत ते सगळ्यांना आठवतं. तुम्ही ग्राऊंडवर जे केलंत ते कुणाला आठवत नाही, आणि त्याची किंमत तर तुम्हाला स्वतःलाही नव्हती. संक्रांतीनंतरच्या टूर्नामेंटला नांदेडची, यवतमाळची, निजामाबादची टीम यायची. त्यांना लॉजवर उतरवायची क्लबची ऐपत नव्हती, म्हणून तुम्ही ग्राऊंडच्या भोवतालच्या घरांत एकेक खेळाडू वाटून द्यायचात. ज्याच्या घरी जो जेवला, त्या घराने मॅचमध्ये त्याच्याच नावाने ओरडायचं, समोर आपलं गाव खेळत असलं तरी. हा कायदा कुणी केला माहीत नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. आपल्याकडे एकदा नांदेडचा गोलकीपर होता. मायच्या हातचं भरीत त्याने तीनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी दादाने मारलेली पेनल्टी त्याने अडवली, आणि माय डोक्यावरचा पदर सावरत ग्राऊंडच्या कडेला नाचली, आपल्या पोटच्या पोराविरुद्ध! दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. शेजारची खाला तिच्या पाहुण्यासाठी "मार बेटा, मार!" म्हणून ओरडायची ते मार्केट यार्डातल्या हमालांना ऐकू जायचं. मागच्या तेलुगू घरातली अम्मा तर पोळपाट-लाटणं घेऊनच यायची, वाजवायला.

त्याआधी त्या ग्राऊंडवर बाई उभी राहत नव्हती, बाबा. बाया आल्या त्या जेवू घातलेल्या परक्या पोरांसाठी आल्या, आणि एकदा आलेल्या मग परत गेल्या नाहीत. तुम्हाला मात्र त्या वाटणीची शरम वाटायची. टीम निघायची तेव्हा तुम्ही कॅप्टनपुढे हात जोडायचात, "गरिबाचं गाव आहे, सांभाळून घ्या, पुढच्या येळेस लॉज करू." मी मागे उभी राहून ऐकायचे आणि मला तुम्हाला गदागदा हलवावंसं वाटायचं. कॅप्टन मायच्या पाया पडून गेला, आणि तुम्ही लॉजची माफी मागताय!

मी मागे का असायचे तेही सांगते. गोलच्या मागे उभं राहून बॉल आणून द्यायचं काम माझं होतं. हातानेच द्यायचा, तुमचा हुकूम होता. एका हाफ टाइमला ग्राऊंड मोकळं होतं, मी बॉल खाली ठेवला आणि लाथ मारली. बॉल वरच्या कोपऱ्यातून आत गेला. खालाने टाळी वाजवली. तुम्ही धावत आलात. मला वाटलं शाबासकी द्यायला येताय. "कायले तमाशा करून राह्यली? लोकं पाहून राह्यले!" तुम्ही माझा दंड धरून मला बाहेर काढलंत. लोक पाहतच होते. त्या दिवसापासून बॉल आणून द्यायला दुसरं कुणीतरी आलं आणि मी घरी माझ्या लहान बांगड्या घालून तांदूळ निवडत बसले. हे तुम्ही विसरलात. मी विसरले नाही, आणि आता या वयात विसरायचा विचारही नाही.

आता त्याच ग्राऊंडवर रोज संध्याकाळी पोरी खेळतात. तुम्ही गेल्यावर पाच-सहा वर्षांनी सुरू झालं. शाळेतून घरी जायच्या वाटेवरच ग्राऊंड पडतं, म्हणून सुरू झालं, बाकी काही क्रांती-बिंती झाली नाही. भिंतीला दप्तरं टेकवतात आणि पळतात. खालाची नात गोलकीपर आहे, आडदांड आहे, तोंडाने तर आजीच्या वरताण. अम्माची नात उजवीकडून पळते तेव्हा तिला अडवणं कठीण. आया पायऱ्यांवर बसून भाजी निवडतात, हिवाळ्यात शाली घेऊन बसतात, आणि नजर ग्राऊंडवर. कुणाच्या बापाला घरी काही सांगावं लागत नाही, कारण पोरगी कुठे आहे ते अख्ख्या गल्लीला दिसतं. मी दुकान सुनेवर सोपवून जाते, क्लबच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, बॉल मीच काढून देते. आणि पायानेच देते.

मीटिंगच्या आधी मी घरोघरी विचारून आले, बायपासवर पाठवाल का? अम्माची सून कपडे वाळत घालत होती. तिने मान वरही केली नाही. "अंत दूरम् पंपनु," म्हणाली. एवढ्या लांब पाठवणार नाही, विषय संपला. खालाच्या घरी तेच, हिंदीत. आपल्या मराठी घरांत तेच, वर चहा. हायवेवर ट्रक, अंधार लवकर, तिथे ना घर ना ओटा. आठ दिवसांत पोरींची टीम संपेल, आणि कुणी बंद केली असं कुणाला म्हणताही येणार नाही.

मीटिंगआधीच मी हे दादाला घरी सांगितलं. तो वाईट माणूस नाही, तुमचाच पोरगा आहे, ऐकून तरी घेतो. "बाई, मागच्या फायनलले लोकं बसले होते ते भिंत पडली, लोकाईचे पाय मोडले. आपले चांगले पोट्टे निजामाबादले जाऊन खेळून राह्यले. काऊन? आपल्याजोळ धड ग्राऊंड नाही म्हणून." हे खरं आहे, भिंत पडली, मी तिथेच होते. मी म्हटलं, "मंग भिंत बांध नं. लोक पडले भिंतीवरून अन् तू गाव सोडून कायले चालला?" तो म्हणाला, पोरींसाठी बस लावू. मी विचारलं, कोण चालवणार आणि किती दिवस? तो म्हणाला, "माह्यासाठी नाही, बाबासाठी करून राह्यलो." मी तुमच्याशी भांडू शकत होते तेव्हा भांडले नाही. आता तुमच्या फोटोशी भांडायची वेळ आली, आणि फोटो जिंकत होता. मीटिंगमध्ये सगळे हात वर करायच्या बेतात होते. शेठने पेढ्यांचा बॉक्स उघडूनसुद्धा ठेवला होता.

तेव्हा मी उठले. कमिटीत मी एकटीच बाई, आणि तीही तुमच्या जागी भरती म्हणून घेतलेली. आजवर कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "बाबा दवाखान्यात होते तवा मी जवळ होते. दादा गावाले गेला होता. त्याईनं माहा हात धरला अन् म्हणे, स्टेडियम-बिडियम मी उगाच बोललो. ग्राऊंड गावातून हलू देऊ नको. पोरी खेळतीन तिथं. तुले खेळू नाही देल्लं, ते चुकलं माह्या हातून. आता ग्राऊंड तूच सांभाळ."

दादा माझ्याकडे वळला. "मले काऊन नाही सांगितलं?" म्हणाला, आणि बाबा, तो रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, शेठसमोर, सगळ्यांसमोर. डोळे पुसून त्याने ठराव मागे घेतला. तुमच्या शेवटच्या शब्दाच्या विरुद्ध हात वर करायची कुणाची छाती झाली नाही. शेठ पेढे घेऊन गेले. भिंत बांधायचं ठरलं.

हे पत्र मी मीठ-मिरचीच्या पुड्या बांधायच्या कागदावर लिहिते आहे, ते कुठे जाणार नाही. दादाच्या हाती पडलं तर सगळं उलटेल, म्हणून संध्याकाळपर्यंत चिटोरं-चिटोरं फाडून याच्या पुड्या होतील. जे केलं त्याचं मला वाईट वाटत नाही, उद्या वेळ आली तर पुन्हा बोलेन. फक्त तुम्हाला तरी खरं माहीत असावं. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही माझा हात धरला नव्हता. दोनदा डोळे उघडलेत, आणि दोन्ही वेळा माझ्या खांद्यावरून दाराकडे बघून विचारलंत, "आला का पोट्टा?"