लाल दिव्यावर पट्टी लावू नये

मी, शरणबसप्पा वीरभद्रप्पा कोरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा भुसार व्यापार, राहणार नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कुणी बळजबरी केलेली नाही, आणि केली असती तर मी ऐकलंही नसतं. माझ्या पश्चात वाद नकोत म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहतं घर व आडत दुकान मुलगा गौरीशंकर यास. घरात पत्नी महानंदा हिचा तहहयात हक्क राहील. बँकेतील ठेवी तिच्या उपचारासाठी तिच्याच नावे.

२. माझी जुनी पांढरी मोटार सून शिवलीला हिला देतो. गौरीशंकरला का नाही, तेही लिहितो, नाहीतर तो म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं म्हणेल. महानंदाला डायलिसिससाठी याच मोटारीतून सोलापूरला न्यावं लागतं. मागच्या दसऱ्यानंतर कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, लाल दिवा पेटलेलाच राहू लागला. त्या पाण्याची टाकी भरलेली, तापमानाचा काटा जागेवर, तरी दिवा चालूच. मेकॅनिकनं थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, फरक पडला नाही. शेवटी गौरीशंकरनं दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. "आता कुठं दिसतंय? बसा गुमान," म्हणाला. महानंदा वाटभर त्या पट्टीकडं बघत बसायची. "आतून उकळत आसंल तर कसं कळायचं वो?" एवढंच विचारायची. मला त्या पोराचा फार राग आला, अजून आहे.

पट्टी शिवलीलानं काढली. इंजिन गार असताना टाकीखालच्या सेन्सरचा प्लग उपसला, तर दिवा विझला. "मामा, वायर चांगली हाय. हितंच कायतरी झालंय," ती म्हणाली. प्लगच्या आत हिरवट चिकटा होता. खंडेनवमीला गौरीशंकर बॉनेट उघडून नारळाचं पाणी इंजिनावर शिंपडतो, ते तिथं झिरपलं होतं. म्हणून भरल्या टाकीवरही दिवा लागत होता. तिनं पिना पुसून कोरड्या केल्या. मग मुद्दाम टाकी थोडी रिकामी केली, दिवा लागला, भरली, विझला. तेव्हापासून महानंदा वाटेत झोपू लागली.

३. पूजा जरूर करावी, पण नारळ चाकापुढं जमिनीवर फोडावा. दिवा लागला तर गाडी थांबवावी, पट्टी शोधू नये. महानंदा आहे तोवर मोटार विकू नये.

४. पान्यांची पेटीही शिवलीलालाच. शेजारी उत्तरेश्वर मागायला आल्यास देऊ नये. त्यानं नेलेला जॅक अजून त्याच्याच अंगणात आहे.

५. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं मला बसवून समाधी द्यावी. परंतु मी जाईन तो दिवस महानंदाच्या डायलिसिसचा असेल, तर पाहुणे जमले म्हणून मोटार अडवू नये. ती "मी न्हाय जात" म्हणेल, तिचं ऐकू नये. शिवलीलानं तिला आधी सोलापूरला न्यावं. ती परत येईपर्यंत मला ओसरीवर तसंच बसवून ठेवावं. मी थांबतो.

लिहून ठेवणार: शरणबसप्पा वीरभद्रप्पा कोरे (सही)

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
मल्लेश गुरुपादप्पा हत्तुरे (सही)
बानूबाई रेवणसिद्ध माळगे (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: नळदुर्ग
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५