मोर्शीच्या रस्त्यावरचा बहार

बाबा,

यंदाचा संत्र्याचा बहार मी पाहून आले. स्वतः गाडी चालवत गेले, मागं ताईला बसवून. हे तुम्हाला सांगायचं म्हणून फेब्रुवारीपासून मनात घोळवतेय. आता एप्रिल निम्मा संपला, कूलरला नवीन वाळा लावून झाला, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा दुपारी लिहायला बसलेय.

तुम्ही मोर्शीच्या फेरीवर होतात ती वर्षं मला सगळ्यांत चांगली आठवतात. थंडी उतरायला लागली, सकाळचा स्वेटर दहापर्यंत अंगात नकोसा झाला, की रविवारी तुम्ही मला डेपोत घेऊन यायचे. तेव्हाच्या एसटीत ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाचं झाकण असायचं, त्यावर रेक्झिनची गादी. ती माझी जागा. खालून गरम लागायचं, वरून वारा. कंडक्टरकाका म्हणायचे, राहू द्या, लेकरूच आहे. तुम्ही मात्र दरवेळी माझं अर्धं तिकीट फाडायला लावायचे आणि ते माझ्याच हातात द्यायचे. मग मी प्रवासी. माहुली मागं पडली, मोर्शीचा भाग सुरू झाला, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे. आंब्याला मोहोर येतो त्याच दिवसांत संत्र्यालाही फूल येतं, म्हणून त्याला आंबिया बहार म्हणतात, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. गडद हिरव्या झाडांवर पांढरी बारीक फुलं, आणि गाडी तिथं पोचायच्या आधीच येणारा तो वास.

"खिडकी उघड पोरी. नाक काय घरी ठेवून आली काय?"

आणि तुम्ही गाडी हळू करायचे. एकदा मागून एक म्हातारेबुवा ओरडले, "डायवर सायेब, काहून हळू केली? बंद पडून राह्यली काय?" तुम्ही आरशात पाहून म्हणालात, "बंद नाही पडली बाप्पा, बहार आला हाये. वास घ्या. याचं तिकीट नाही लागत." सगळी गाडी हसली. मला त्या वेळी वाटलं होतं की हा बगीचा, हा रस्ता, हा वास, सगळं तुमच्या मालकीचं आहे आणि तुम्ही लोकांना उदारपणे दाखवून राहिले आहात.

त्याच साली टायर फुटला तो दिवस. मोर्शी अजून दूर होती. तुम्ही आणि कंडक्टरकाका जॅक लावायला लागलात, प्रवासी खाली उतरले. शेजारच्या शेतात हरभरा उभा होता. शेतकरी बांधावरून पाहत होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं दोन पेंढ्या उपटल्या, काटक्या-पाचोळा गोळा केला आणि तिथंच हुळा भाजायला घातला. घाटे फुटायला लागले तशी लोकं जाळाभोवती जमली. एका नवरीनं हातातली मेंदी विसरून राखेत हात घातला. तिचा नवरा "अवो, अवो" करत राहिला. कुणाच्या पिशवीतून भाकरी निघाल्या, कुणाजवळ ठेचा होता. चाक बसवून तुम्ही आलात, हात मातीनं पुसले आणि फुललेल्या संत्र्याखाली सरळ आडवे झालात. मी तुम्हाला दिवसाउजेडी कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. खाकी शर्टावर पाकळ्या पडत आहेत, तोंड हुळ्यानं काळं झालंय, आणि तुम्ही डोळे मिटून म्हणता आहात, "पाच मिनिटं. मंग निघू." कुणीच घाई केली नाही. ती नवरीसुद्धा नाही. काळ्या तोंडाची ती सगळी गाडी मोर्शीच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिथले लोक पाहतच राहिले होते.

कॉलेजात गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, मला गाडी शिकवा. दादाला तुम्ही शिकवत होता, मोटरसायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत. तुम्ही चपला घालत होता, वर पाहिलंही नाही. "तुले काय करायचं हाये शिकून? मी हाओ ना न्यायले." तुमच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला भांडताही आलं नाही. आणि तुम्ही शब्द पाळलात. नर्सिंगच्या परीक्षेला, पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला, लग्नानंतर सासरी सोडायला, तुम्हीच नेलंत. मग तुमचे जावईही तेच म्हणाले, मी आहे ना. सदतीस वर्षं मी दवाखान्यात लोकांना सुया टोचल्या, रात्रपाळ्या केल्या, अवघडलेल्या बाया मोकळ्या केल्या, आणि घरी जायच्या वेळी गेटवर कुणी येईल म्हणून उभी राहिले.

गेल्या वर्षी तुमच्या जावयांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. त्यांनी मोटरसायकलवर चादर टाकली आणि दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना मी म्हणाले, बिनगिअरची एक गाडी घेऊ, मी शिकते. ते म्हणाले, "या वयात?" मी म्हणाले, "मग कोणत्या वयात?" तुम्हाला कळलं असतं, असं बोलायला मी कुठून शिकले.

कॉलेजमागच्या मैदानावर रोज सकाळी आमची शाळा भरायला लागली. ते कडेच्या दगडावर बसून ओरडायचे, "ब्रेक! अवो, ब्रेक!" मी घाबरून नेमकी रेस द्यायची. एकदा सरळ बेशरमाच्या झुडपात गेले. कोपर सोललं, साडी फाटली. उठून पाहते तर हे धडपडत माझ्याकडे येताहेत, दिसत नाही धड तरी. जवळ येऊन आधी गाडी उचलली आणि म्हणाले, "गाडीले काही नाही झालं." मग माझ्याकडे पाहिलं, मग दोघंही इतके हसलो की क्रिकेट खेळणारी पोरं थांबली. पुढच्या महिन्यात मी पाय न टेकता आठचा आकडा काढला आणि लायसन घेतलं.

महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात ताई अकोल्याहून आली. आता तिचे केस पूर्ण पांढरे झालेत, पण जीभ तशीच आहे. मी म्हणाले, चल, मोर्शीकडे जाऊन येऊ, बहार ऐन भरात असेल. ती म्हणाली, "तू चालवशीन? अन् मी मांगं बसू? माह्या घरी नातवंडं हायेत वं बाई!" पण सकाळी सगळ्यांत आधी तीच तयार होती. डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट, हातात डब्याची पिशवी. तुमच्या जावयांनी हवा तपासली, पेट्रोल तपासलं, पुन्हा हवा तपासली आणि फाटकाशी उभे राहिले. आम्ही कोपऱ्यावर वळलो तरी उभेच होते.

रस्ता आता तुम्हाला ओळखू येणार नाही. केवढा रुंद झालाय. पण माहुलीच्या पुढं बांधावरचे पळस तसेच पेटलेले होते, पान एक नाही, नुसती फुलं. मी डावी कड धरून चालले होते. तेवढ्यात मागून लाल गाडीचा हॉर्न वाजला, अगदी पाठीशी. ताईनं कमरेला असा विळखा घातला की श्वास घेता येईना. "थांबव वं! थांबव म्हनतो ना!" मी थांबले नाही. वेग कमी केला, हॅंडल सरळ धरलं आणि रस्ता दिला. बस वाऱ्याचा धक्का देऊन पुढं गेली. मागच्या खिडकीतून एका पोरीनं आम्हाला हात हलवला. ताईनं विळखा सोडला आणि म्हणाली, "बरी चालवतेस. आता जरा जोरात घे."

मग वास आला. आधी ताईला आला, हेल्मेटची काच तिनं वर केली होती. रस्त्याला लागूनच एक बगीचा होता, तिथं गाडी लावली. आत एक बाई आळ्यातलं तण काढत होती. तिनं विचारलं, "कोन्या गावच्या वो बाई तुमी? काय काम हाये?"

मी म्हणाले, "काम काही नाही. बहार पाहायला आलो."

ती कमरेवर हात ठेवून हसली. "बहार पाहायले? आमी तं रोजच पाह्यतो, आमाले काही नाही वाटत." ताईनं एका फांदीला हात लावला तशी ती ओरडली, "फूल नका तोडू! एका फुलाचं एक संत्र हाये. खाली पडलं थे घ्या." ताई पदर पसरून खाली बसली आणि पाकळ्या वेचायला लागली. मधमाश्यांची गुणगुण एवढी की झाडच बोलतंय असं वाटावं. आम्ही डबा उघडला, त्या बाईला तिखट पुरी दिली. तिनं विळा बाजूला ठेवला, झाडाला टेकून बसली, वर पाहिलं. पुरी हातातच राहिली तिच्या. "चाला," ती म्हणाली, "आज मी बी पाह्यतो."

त्यानंतर मी थांबलेच नाही. भातकुलीच्या मैत्रिणीकडे ओल्या तुरीचे सोले आणायला गेले, नांदगाव खंडेश्वरला भाचीच्या बाळाच्या बारशाला गेले. कडुनिंब फुलला तेव्हा संध्याकाळी उगाच दोन गल्ल्या जास्त फिरून घरी आले, तो कडसर गोड वास डोक्यावर घेत. परवा चौदा एप्रिलला हॅंडलला निळी पताका लावली, पायाशी खिरीचा डबा, मागं तुमचे जावई पांढऱ्या शर्टात, आणि विहारापर्यंत गर्दीतून सावकाश गेलो. ओळखीचे लोक थांबवून थांबवून पाहत होते. हे मागून सगळ्यांना सांगत होते, "माह्या बायकोनं आणलं मले." त्यांना त्याचा कमीपणा तर सोडाच, मिरवायला मिळालंय.

हे पत्र मी कुठं टाकणार? घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन. म्हणून एक गोष्ट निर्धास्त लिहिते. तुम्हाला वाटेल, त्या रस्त्यावर पोरीला पावलोपावली बापाची आठवण येत असेल. नाही आली, बाबा. सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत एकदाही नाही. मी इतकी खुशीत होते. घरी येऊन नळावर पाय धूत होते, तेव्हा ताई म्हणाली, "बाबा पाह्यजे होते वं आज," आणि मी दचकून नळ बंद केला.