कवळी, कार्बन आणि मी

३ जून
लेकीला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत शंभरात बावीस. फेरपरीक्षा अठ्ठावीसला. नापास झाली तर वर्ष गेलं. वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड मॅडम शिकवायला तयार होत्या. मी हात जोडून नको म्हटलं. घोकंपट्टी काय कामाची? साबण, व्हिनेगर, नेलपॉलिश, सगळं ऑर्गॅनिकच. रोज रात्री आठ ते नऊ मीच शिकवणार. त्याआधी मला शिकावं लागेल. होईल.

४ जून
पुस्तक आणलं. ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. दमलो.

७ जून, सकाळी ६
कार्बनला चार हात असतात! लेकीला उठवून सांगितलं. तिला माहीत होतं. पाया पक्का दिसतोय.

११ जून
प्रात्यक्षिक: साबण. तेल अधिक कॉस्टिक सोडा. पुस्तक ऑफिसात राहिलं, म्हणून अंदाजाने घातलं. साबण झाला नाही. पातेलं ॲल्युमिनियमचं होतं. होतं. सौ.ला सांगितलं की पातेल्याची रिॲक्शन इनऑर्गॅनिक आहे, आपल्या सिलॅबसमध्ये येत नाही. तिने पातेलं माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

१४ जून
लेक हल्ली रोज संध्याकाळी सहाला वही घेऊन गच्चीवर जाते. मोकळ्या हवेत माझं शिकवणं पचत असावं.

१८ जून
आजचा धडा ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतो, भलेभले डाग काढतो. सासरेबुवांची कवळी चहाने पिवळी पडली होती. दुपारी ते झोपल्यावर वाटीत बुडवून ठेवली. पाऊण तासाने पाहतो तर हिरड्या मऊ आणि दात वाकडे. कवळीही ऑर्गॅनिकच असते म्हणे. पण ते प्रकरण चौदावं, मी तिसऱ्यात आहे.

१९ जून
सासरेबुवा सूपवर आहेत. माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलले. कळलं नाही, तेवढंच बरं.

२७ जून
उजळणी. लेकीने मलाच दोन प्रश्न विचारले. दोन्ही चुकलो. ती म्हणाली, असू द्या बाबा. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. उद्या पेपर. पोरीचं वर्ष माझ्या हट्टापायी जाणार.

१५ जुलै, दुपारी १
पास! एकाहत्तर! उगीच घाबरलो होतो. ऑफिसात सगळ्यांना माझी पद्धत समजावली. साहेबांना दोनदा.

१५ जुलै, संध्याकाळी ७
जिन्यात मॅडम भेटल्या. म्हणाल्या, हुशार आहे हो मुलगी, एक दिवस चुकवला नाही. साबणाच्या दिवशीच सौ. त्यांच्याकडे जाऊन ठरवून आली होती. गच्चीवर कोणी जातच नव्हतं. लेकीला विचारलं, तिकडे सगळं शिकत होतीस, तर रोज तासभर माझ्यापुढे कशाला बसायचीस?
"तुम्ही इतकं मन लावून शिकवायचात, बाबा. मधेच उठून जाववायचं नाही मला."
ॲसिटोनवरही एक प्रश्न आला होता म्हणे. तो तिने सगळ्यात आधी सोडवला. कवळी आठवली असणार. पुस्तकातली खूण अजून तिसऱ्या प्रकरणातच आहे.