तळ्याकाठच्या तंबूसाठी तीन कोटेशनं

नेरुळ, सोमवार

तीर्थरूप आक्का,

तुझ्या धाकट्या दिनूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही तिघंही इथे ठीक आहोत. तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझा राग ही तिन्ही आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. फोन करणार होतो, पण तू फोन पितळी डब्यात ठेवतेस, डबा फडताळात ठेवतेस आणि फडताळाची किल्ली कमरेला लावून रानात जातेस, त्यामुळे तो वाजला तरी फडताळालाच कळतं. शिवाय माझी सगळी नोकरी इथल्या पावणे एमआयडीसीत, पंपांच्या कारखान्यात, खरेदी विभागात गेली. तिथे तोंडी बोलण्याला किंमत नव्हती. (अरुणा म्हणते, घरातही नाही. पण ती हे तोंडी म्हणते.) म्हणून सविस्तर लिहितो. चष्मा लावून, सावलीत बसून, मध्ये म्हशीची धार काढायला न उठता वाच.

अबोलीला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली हे तुला कळलंच असेल. महिनाअखेरीला ती जाते. लेकीने मोठ्या गावी जावं, मोठं व्हावं, याला माझी ना नाही. फक्त ती जाणार म्हटल्यापासून मला घास गोड लागत नाही, आणि हे घरात बोलायची सोय नाही, कारण अरुणालाही लागत नाही आणि आम्ही दोघंही एकमेकांना आग्रह करून वाढतो. तर जायच्या आधी एक शनिवार-रविवार आपण तिघांनी कुठेतरी तळ्याकाठी तंबूत राहू, पाण्यात पाय सोडून बसू, एवढं एकच मागणं पोरीने मागितलं. (ती जाते त्या देशात म्हणे घराच्या दारात पाणी असतं. मग इथलं पाणी आधी कशाला बघायचं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं अजून वाटतं.)

ती म्हणाली, बाबा, मी मोबाईलवरून बुकिंग करते, दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांत होणाऱ्या कामावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. मी म्हटलं, तू तुझा व्हिसा बघ, सामान बघ, तळ्याचं माझ्यावर सोड. पद्धत तुला माहीत आहे. आधी तीन कोटेशनं मागवायची, मग तुलनात्मक तक्ता करायचा, मग जागेवर जाऊन पाहणी आणि शेवटी निवड. आमच्या सोसायटीत (मी सेक्रेटरी आहे. बिनविरोध, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं) गच्चीवरची टाकी धुवायची तरी आम्ही असंच करतो, आणि टाकी आजवर कोणाच्या अंगावर पडलेली नाही.

दोन कोटेशनं लगेच आली. मी तक्ता केला. पाण्यापासून अंतर, संडास किती व कोणत्या पद्धतीचे, सापाचा संभव, डासांचा संभव, गजर न लावता सूर्य दिसेल का, असे रकाने पाडले. छान सुवाच्य तक्ता झाला. इथे माझ्याकडून हाताच्या सवयीने एक गोष्ट झाली. तक्त्याची एक प्रत मी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली आणि खाली 'हरकती व सूचना आठ दिवसांत लेखी द्याव्यात' असं लिहून सोसायटीचा शिक्का मारला. आक्का, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत अकरा कुटुंबांनी नावं दिली. एकाने सासूसाठी पलंगाची सोय मागितली. एकीने कांदा-लसूण न घातलेल्या जेवणाची वेगळी पंगत मागितली. चौथ्या मजल्यावरच्या केयूरने लेखी विचारलं की तंबू मालकांनाच आहे की भाडेकरूंनाही, आणि तळमजल्यावरच्यांनी हरकत घेतली की दुरुस्ती निधीतून सहली काढता येत नाहीत. ही आमची घरगुती सहल आहे हे समजावायला मला विशेष सभा बोलवावी लागली. सभा शनिवारी झाली, कारण सभा शनिवारीच होते. तो शनिवार असा गेला. अरुणा काही बोलली नाही, पण ती बोलत नाही तेव्हा आमच्याकडची भांडी बोलतात. अबोलीने मात्र ती नोटीस फळ्यावरून काढून घडी करून स्वतःच्या बॅगेत ठेवली. तिकडे नेणार म्हणे. मी तिला म्हटलं, सोसायटीचं कागदपत्र आहे, जावक नोंद केल्याशिवाय नेता येत नाही. तिने नोंद केली.

पुढच्या शनिवारी पहिल्या जागेची पाहणी. बरोबर प्रितेशला घेतलं. प्रितेश म्हणजे आमचा खजिनदार. मूळचा इथल्याच शिरवणे गावचा, घरचा मासळीचा धंदा, स्वतःची ईको गाडी आणि पाहणीला कधीही तयार. जागा कर्जतच्या बाजूला होती, नाव काहीतरी सरोवर होतं. सरोवर म्हणजे खड्ड्यात निळं प्लास्टिक अंथरून टँकरने भरलेलं पाणी निघालं. मालक मोठा अगत्याचा माणूस. तो म्हणाला, साहेब, लाटा पाहिजे असतील तर मोटर लावतो. त्याने मोटर लावली. लाटा आल्या. मोटर आमच्याच कारखान्याची होती, तिचा आवाज मी ओळखला, आणि खरं सांगतो, क्षणभर त्या जागेबद्दल माझं मत बरं झालं. मग मी टेप काढून तंबू मोजला आणि तंबूचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का ते विचारलं. मालक म्हणाला, तंबू मागच्या वादळात उडाला होता, पण सापडला. मी तक्त्यात 'ऑडिट नाही, इतिहास आहे' असं लिहिलं. प्रितेशने तिथली कोंबडी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाला, "काका, मना त आवरलं. पानी हाय, जेवान हाय, आजून काय पायजे?" प्रितेशचं असं आहे की त्याला प्रत्येक जागा आवडते. पाहणी समितीत असा एक सभासद असतोच.

त्यापुढच्या शनिवारी दुसरी जागा. इथे तळं खरं होतं, प्लास्टिक नव्हतं. तंबू ओळीने लावलेले, प्रत्येकाचं तोंड तळ्याकडे. फक्त तळं त्या वेळी तिथे नव्हतं. समोर भेगा पडलेली जमीन, त्यात गावातल्या मुलांचा क्रिकेटचा सामना चाललेला आणि बोट सीमारेषेवर उलटी घातलेली, तिच्यावर स्कोअर लिहिणारा बसलेला. मी मालकाला म्हटलं, जाहिरातीत पाणी तंबूपासून दहा पावलांवर आहे. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, आहे ना, जुलैत. आत्ता पाणी पाहिजे तर आमचा ट्रॅक्टर सोडतो तिथपर्यंत, ते पॅकेजमध्येच आहे. बोटीची फेरीही पॅकेजमध्ये होती. प्रितेशने ती बोट सुलटी करून घेतली, तिच्यात बसला, वल्हं हातात धरून फोटो काढून घेतला आणि निघताना म्हणाला, "काका, मना तर हाय ती बी आवरली."

मी घरी आलो. अबोलीने दारातच विचारलं, कसं होतं? मी म्हटलं, पाणी लांब आहे. ती म्हणाली, चालेल की बाबा, आपण चालत जाऊ. मी तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात 'अर्जदार अटी शिथिल करण्यास तयार' असं लिहिलं आणि तो तक्ता थोडा वेळ उगाच हातात धरून बसलो.

इथे अरुणाचं डोकं फिरलं. ती चहाचा कप माझ्यासमोर आपटून म्हणाली, "तुम्हाला तळं नकोच आहे. तुम्हाला नक्की व्हायला नको आहे." मी शांतपणे सांगितलं की तीन कोटेशनांशिवाय निवड करणं नियमात बसत नाही, आणि तिसरं अजून आलेलं नाही. ती म्हणाली, पोरीचा एकच शनिवार उरलाय. मी म्हटलं, म्हणूनच चूक परवडणार नाही. त्यावर ती उठून गेली आणि भांडी बोलू लागली. तू तिची बाजू घेणार हे मला माहीत आहे. तू लग्न ठरल्यापासून तिचीच बाजू घेतलीस. पण तिचा आरोप साफ खोटा आहे, हे या पत्राने नोंदवून ठेवतो.

बाकी इथे विशेष नाही. उकाडा आहे. भरतीचं पाणी साठवायला केलेल्या होल्डिंग पाँडच्या बाजूला फिरायला जातो, तिथे बगळे असतात. (ते पाणीही तळ्यासारखंच दिसतं. मी अबोलीला तिथे तंबू लावायचं सुचवून पाहिलं. ती हसली, म्हणजे नाही म्हणाली.) एरवी पत्राच्या शेवटी थोरामोठ्यांना नमस्कार सांगावा, पण तुझ्या वाडीत आता सगळ्यात थोर तूच, तेव्हा तो तुलाच दुसऱ्यांदा. म्हशीच्या पाठीवरून हात फिरव.

तुझा,
दिनू

ता. क. : मूळ मुद्दा वर लिहायचा राहिलाच. तिसरं कोटेशन काल आलं. मोबाईलवर जाहिरात आली, 'धरणाच्या पाण्याला खेटून तंबू, चुलीवरचं जेवण आणि अस्सल गावाकडची आजी'. फोटोत पाणी, दोन तंबू आणि मागे पाठमोरी बसून भाकऱ्या थापणारी बाई. उजवा गुडघा वर, पदर खोचलेला. तिची बसण्याची ढब बघूनच मला वाटलं, ही आता कोणावर तरी ओरडणार. फोटोखालच्या नंबरवर फोन लावला. तिकडचा मुलगा हिंदीत 'सर' म्हणाला म्हणून मी हिंदीत 'भैया' म्हणालो, आणि बराच वेळ आमची हिंदीत घासाघीस झाली. मी आजी वगळून दर विचारला. तो म्हणाला, आजी वगळता येत नाही, जागा तिचीच आहे. मग त्याने नकाशावर जागा पाठवली, तर खूण थेट तुझ्या गोठ्यावर. तो तुझ्या दिराचा नातू यशराज, आणि भाकऱ्या थापणारी तू.

आक्का, आता कोटेशन नको आणि पाहणीही नको. ती जागा माझी पाहिलेली आहे. मुराळी होऊन तुला माहेरी न्यायला यायचो तेव्हा तुझं आवरेपर्यंत मी तिथल्याच काठच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायचो. परत सासरी पोचवायलाही मीच असायचो. आठवतं ना, तेव्हा आई काय करायची? आपण वेशीपर्यंत गेलो की मागून हाक मारायची. लोणच्याची बरणी राहिली. ती घेऊन पुन्हा निघालो की कुंकू लावायचं राहिलं. मग एस.टी. चुकायची, मग ती आपल्यावरच चिडायची, आणि चिडत चिडत रात्रीला पुरणपोळ्या करायची. मी गेला महिनाभर तेच करतोय. मला लोणचं घालता येत नाही म्हणून कोटेशनं मागवतोय. अरुणाचा आरोप खरा आहे. वरची नोंद रद्द समजावी.

तेव्हा येत्या शनिवारी आम्ही तिघं येतो. तंबू तुझ्या परसात, जांभळीखाली, पाण्याकडे तोंड करून लावायला सांग.

आणखी ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी अबोलीने वाचलं. आधी खूप हसली, मग नाही हसली. मग म्हणाली की तिने पहिल्याच आठवड्यात यशराजला व्हिडिओ कॉल लावून त्याला तुझ्याकडे पिटाळलं होतं, आणि या शनिवारचा तंबू तेव्हाच ठरला आहे. जाहिरात तिनेच मला पाठवायला लावली. यशराजने माझ्या पहिल्या 'हॅलो'लाच मला ओळखलं होतं, तरी 'सर, सर' करत हिंदी रेटली आणि दर चढवत नेला. अरुणाला माहीत होतं. प्रितेशलाही माहीत होतं, तो कोंबडीसाठी येत होता. आणि तू म्हणे सांगितलंस की त्याला सगळी तळी हिंडू दे, दमला की येईल आपला आपण. सेक्रेटरी म्हणून या सगळ्या कारभारावर मी हरकत घेतो. भाऊ म्हणून घेत नाही.

शेवटचा ता. क. : रविवारी आम्ही निघालो की गाडी बांधापर्यंत जाऊ दे आणि मग मागून हाक मार. काहीही राहिलं म्हण. बरणी भरून ठेवलेली बरी, म्हणजे खोटं पडणार नाही. गाडी प्रितेशची आहे, त्याला घाई नसते.