टोरोंटो ते बेलोरा

२ नोव्हेंबर
आजपासून रोज डायरी. कारण किशोर येणार. तसं तो बोललेला नाही. पण आता आपल्या अमरावतीच्या बेलोऱ्याला विमान उतरतं म्हटल्यावर न येऊन सांगतो कुणाला? टोरोंटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, तिथून थेट अमरावती. तीन वर्षं पोरगा आला नाही तो केवळ या अंतरामुळे. नातू तर अजून पाहिलाच नाही. सुनेच्या, नीलमच्या जातीवरून मी फोनवर एकदाच बोललो होतो, माझा उंबरठा चढू नका म्हणून. रागात माणूस बोलतो. पोरं विसरतात.

५ नोव्हेंबर, सकाळी
फ्लाइटचा अभ्यास केला. तिकडून आज रात्री निघालेला इथं परवा पहाटे पोचतो. इथून मात्र पहाटे निघालेला त्याच दुपारी तिकडे! म्हणजे जायला काहीच नाही, यायलाच वेळ लागतो. बिचारा किशोर. शेजारचे देवानंद मास्तर म्हणाले, "खुशालराव, तिथलं घड्याळ मांगं हाय. वेळ सारखाच लागते." मास्तरांनी जन्मभर मराठी शिकवलं. त्यांचं काय मनावर घ्यायचं.

९ नोव्हेंबर
विमानतळावरून नातवाला कडेवर घेऊनच बाहेर यायचं. त्यासाठी रोज चालणे सुरू. (गुडघा दुखतोय. उद्यापासून.) किशोरला मेसेज टाकला, कधी येतोस. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तिकडे रात्र असेल. म्हणजे मास्तर थोडे बरोबर आहेत.

१४ नोव्हेंबर
बायको, कौशल्या, चार दिवस अकोल्याला गेली, तिच्या बहिणीकडे. पार्वताबाईचे पाय दुखतात म्हणे. मीही येतो म्हटलं, तर म्हणाली, "काहून? तुमी विमान पाहा ना." बरोबरच आहे. ऐनवेळी किशोर आला तर घरी कोणी नको? दिवाळीपासून विणत होती तो लहान स्वेटरही तिनं पिशवीत टाकला. पार्वताबाईच्या नातवासाठी असेल. तो कॉलेजात आहे. मी खोलात गेलो नाही.

१६ नोव्हेंबर
ऑटो करून बेलोऱ्याला गेलो. विमान आलं. बाहेर पडणारा एकेक माणूस नीट पाहिला. एक जण पाठमोरा अगदी किशोर. हाक मारली. चांदूर रेल्वेचा कोणी व्यापारी निघाला. त्यानं नमस्कार केला, मीही केला. पुढच्या विमानाला पुन्हा जाणार.

१८ नोव्हेंबर
कौशल्या परत आली. चहा पिताना सहज म्हणाली, "पोट्टा तुमच्यासारखाच डाव्या हातानं खाते जी." आणि कप खाली ठेवला. कोणता पोट्टा, हे विचारायची गरज नव्हती.
मग तिनं रडत रडत सगळं सांगितलं. किशोर, नीलम आणि बाळ पंधरा दिवस अकोल्यात होते, नीलमच्या माहेरी. काल परत गेले. मी चिडलो. म्हटलं, इतक्या लांबून आला, आणि बापाला भेटावंसं वाटलं नाही त्याला? कौशल्या डोळे पुसून म्हणाली, "तुमीच म्हणाले होते ना, उंबरठा चढू नका. त्यानं ऐकलं तुमचं."

१९ नोव्हेंबर
बडनेऱ्याहून अकोला रेल्वेनं दीड तास. जायला तेवढाच, यायलाही तेवढाच. घड्याळ दोन्हीकडे एकच.
चालायला गेलो नाही. कौशल्याला म्हटलं, मले पोट्टा पाहायचा होता वं. तिनं मोबाईल पुढे केला. फोटोत त्यानं स्वेटर घातलाय. आखूड झालाय. तिनं माप मनानंच धरलं होतं.